जुना लॅपटॉप चालू होत नाही, किंवा चालू होऊन पुन्हा पुन्हा बंद पडतो: दोष कसा शोधायचा

बटण दाबलं की काहीच होत नाही. किंवा दिवा लागतो, पंखा फिरतो, पण स्क्रीन काळीच राहते. किंवा परवा दुरुस्त होऊन आलेला लॅपटॉप आज सकाळी पुन्हा थंड. सहा-आठ वर्षं वापरलेल्या लॅपटॉपच्या या नेहमीच्या तक्रारी, आणि तिन्हींवर ‘मदरबोर्ड गेलाय’ हे उत्तर फार लवकर मिळतं. मदरबोर्ड जातो, त्यात शंका नाही. पण त्याआधी अ‍ॅडॉप्टर, चार्जिंगचा जॅक, बॅटरी, रॅम आणि बायोसचा (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामचा) बटण सेल या पाच गोष्टी तपासून बाजूला काढायला हव्यात. त्यासाठी एक साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो.

वीज भिंतीतल्या सॉकेटपासून प्रोसेसरपर्यंत ज्या वाटेने जाते, त्याच वाटेने तपासत जायचं. कुठे अडली ते कळलं की काय बदलायचं ते आपोआप कळतं. मधूनच सुरुवात करून विंडोज फॉरमॅट केलं किंवा रॅम बदलली, तर पैसे जातात आणि दोष जागेवरच राहतो.

हाताशी असू द्या: पीएच-० आणि पीएच-१ मापाचे प्लस स्क्रू ड्रायव्हर, मल्टिमीटर, झाकण उकलायला गिटारचं पिक किंवा जुनं प्लॅस्टिक कार्ड, पांढरा खोडरबर, एक इंची मऊ ब्रश, ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल म्हणजे आयपीए, आणि थर्मल पेस्टची छोटी सिरिंज. नाशकात एम. जी. रोडच्या दुकानांतून हे मिळून जातं. आयपीएऐवजी सॅनिटायझर वापरू नका. त्यात पाणी आणि बहुधा ग्लिसरीन असतं, ते बोर्डावर चिकट थर सोडतं.

आतला डेटा महत्त्वाचा असेल तर तो आधी वाचवा. अडीच इंची साटा डिस्क असेल तर ती काढून यूएसबी केसमध्ये घाला आणि दुसऱ्या संगणकावर कॉपी करून घ्या. मात्र हार्ड डिस्क टक-टक असा ठरावीक आवाज करत असेल, तर तिला पुन्हा पुन्हा वीज देऊ नका. प्रत्येक वेळी आतली तबकडी आणखी खरवडली जाण्याचा धोका असतो. ती तशीच डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.

सॉकेट आणि अ‍ॅडॉप्टर

जुन्या नाशकातल्या वाड्यांत, किंवा निफाड-दिंडोरीकडच्या मळ्यातल्या घरांत, सॉकेटवर आंधळा विश्वास ठेवता येत नाही. अर्थिंग नसतं, पिना सैल झालेल्या असतात. लॅपटॉपचा अ‍ॅडॉप्टर १०० ते २४० व्होल्टवर चालतो, त्यामुळे दाब कमी झाला तर त्याला फारसा त्रास नाही. वाढला तर मात्र तो जातो. वादळात न्यूट्रल तुटला किंवा सैल झाला की सिंगल फेजच्या घरात ३०० व्होल्टच्या वर दाब येऊ शकतो, आणि त्यात टीव्ही, राऊटर, अ‍ॅडॉप्टर एकदमच जातात. म्हणून मीटर एसी ७५० व्होल्टवर ठेवून सॉकेट मोजा. २०० ते २५० ठीक. २६० च्या पुढे दिसलं तर नवा अ‍ॅडॉप्टर लावण्याआधी वायरमनला बोलवा, नाहीतर नवाही त्याच वाटेने जाईल.

आता अ‍ॅडॉप्टर. त्याच्या लेबलवरचे आकडे वाचा. डेलचा ६५ वॅटचा अ‍ॅडॉप्टर १९.५ व्होल्ट ३.३४ अँपिअरचा, लेनोव्होचा २० व्होल्ट ३.२५, एसर आणि आसूसचा १९ व्होल्ट ३.४२, एचपीचा जुना १८.५ व्होल्ट ३.५. मीटर डीसी २०० व्होल्टवर ठेवा. २० व्होल्टच्या रेंजवर लेनोव्होचा चांगला अ‍ॅडॉप्टरही रेंजबाहेर जातो, डिस्प्लेवर नुसता १ दिसतो आणि लोक घाबरतात. लाल प्रोब पिनच्या आतल्या बाजूला, काळा बाहेरच्या धातूला. डेल आणि एचपीच्या पिनमध्ये मधोमध जी बारीक सुई असते तिच्यावर मोजू नका. ती अ‍ॅडॉप्टरची ओळख सांगणारी तार आहे, वीज आतल्या नळीवर येते. ही सुई वाकली किंवा तिची तार तुटली तर लॅपटॉप ‘अ‍ॅडॉप्टर ओळखता येत नाही’ असा संदेश देतो. मग मशीन संथ चालतं आणि बॅटरी चार्ज होत नाही. पुढे बॅटरी पूर्ण उतरली की तक्रार ‘लॅपटॉप चालूच होत नाही’ अशी होऊन बसते.

लेबलएवढा आकडा आला म्हणजे अ‍ॅडॉप्टर चांगला, असं नाही. बिनभाराचे १९.५ व्होल्ट मरायला टेकलेला अ‍ॅडॉप्टरही दाखवतो. भार देऊन बघायचं असेल तर १० ओहम ५० वॅटचा अ‍ॅल्युमिनियमच्या कवचाचा रेझिस्टर घ्या, फरशीच्या तुकड्यावर ठेवा आणि अ‍ॅडॉप्टरच्या पिनला १०-१५ सेकंद जोडा. साधारण २ अँपिअर वाहतात. दाब लेबलच्या जवळपास टिकला पाहिजे. १९.५ चे १८ च्या खाली आले, किंवा दाब वर-खाली नाचायला लागला, तर अ‍ॅडॉप्टर बदला. रेझिस्टर लगेच चटका देण्याइतका तापतो, हात लावू नका. एवढी खटपट नको असेल तर त्याच व्होल्टचा, त्याच पिनचा आणि तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा चांगला अ‍ॅडॉप्टर कुणाकडून तरी आणून लावून बघा.

थंडीतली एक तक्रार खास आपल्याकडची. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा उतरला की ‘सकाळी चालू होत नाही, अकरानंतर होतो’ असं लोक सांगतात. लॅपटॉपला मुहूर्त लागत नाही. अ‍ॅडॉप्टरमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सुकलेले असतात, आणि सुकलेल्या कपॅसिटरचा अंतर्गत रोध थंडीत आणखी वाढतो. अ‍ॅडॉप्टर सॉकेटला पंधरा-वीस मिनिटं लावून ठेवला, थोडा कोमट झाला, की तोच लॅपटॉप चालू होतो. तुमच्याकडे असं घडत असेल तर लॅपटॉप उघडूच नका, अ‍ॅडॉप्टर बदला. जुना अ‍ॅडॉप्टर फोडून दुरुस्त करण्याच्या भानगडीत पडू नका. त्यातल्या मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकतात.

पिन लावल्यावर अ‍ॅडॉप्टरचा दिवा विझतो का?

अ‍ॅडॉप्टरवर दिवा असेल तर ही खूण फुकटची आणि फार बोलकी आहे. सॉकेटला लावल्यावर दिवा लागतो, पिन लॅपटॉपमध्ये घातली की विझतो, काढून थोडा वेळ थांबलं की पुन्हा लागतो. याचा अर्थ लॅपटॉपच्या आत, जॅकमध्ये किंवा बोर्डाच्या १९ व्होल्टच्या लाइनवर, शॉर्ट आहे आणि अ‍ॅडॉप्टर स्वतःला वाचवतोय. पुढे काय करायचं ते बोर्डाच्या भागात सांगितलंय.

दिवा तसाच राहिला, पण लॅपटॉपवर चार्जिंगचा दिवा लागत नाही, तर जॅक बघा. पिन हलवल्यावर दिवा लागून विझत असेल तर जॅक सैल आहे किंवा त्याचं सोल्डर तडकलंय. बऱ्याच मॉडेलमध्ये जॅक वायरसह सुटा येतो. चार-पाच स्क्रू काढून, कनेक्टर उपसून नवा बसवला की काम झालं. बोर्डावरच सोल्डर केलेला असेल तर ते काम सोल्डरिंगचा हात असलेल्या माणसाकडे द्या, कारण तिथले तांब्याचे पॅड जाड असतात आणि कमी तापलेल्या सोल्डरिंग आयर्नने जोर लावला की उखडून येतात.

बॅटरी आणि साठलेला करंट

अ‍ॅडॉप्टर आणि जॅक ठीक निघाले की अ‍ॅडॉप्टर काढा, बॅटरी काढा, आणि पॉवरचं बटण पूर्ण ३० सेकंद दाबून धरा. बोर्डावर साठलेला चार्ज निघून जातो आणि कीबोर्ड-पॉवर सांभाळणारी एम्बेडेड कंट्रोलर नावाची चिप नव्याने सुरू होते. नंतर बॅटरी न लावता नुसत्या अ‍ॅडॉप्टरवर चालू करून बघा. चालू झाला तर अडकलेला कंट्रोलर किंवा बॅटरी, यांपैकी एकाचा दोष.

बॅटरी आत असलेल्या मॉडेलमध्ये तळाचं झाकण काढून बॅटरीचा कनेक्टर सोडवावा लागतो. काही लेनोव्हो मॉडेलना तळाला टाचणी जाईल एवढं भोक असतं. अ‍ॅडॉप्टर काढून त्यात सरळ केलेली यू-पिन घालून आतलं बटण दाबलं की झाकण न उघडता हेच काम होतं. झाकण काढताना स्क्रू कुठून निघाला ते कागदावर आकृती काढून तिथेच टोचून ठेवा. लांबी वेगवेगळी असते, आणि लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर तो थेट बोर्डात किंवा टचपॅडच्या बाजूने वर निघतो.

बॅटरी फुगलेली दिसली, टचपॅड वर उचललं गेलं असेल, तर तपासणी थांबवा. तिला दाबू नका, टोचू नका, उन्हात ठेवू नका. ती सोडवून काढा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या, घंटागाडीत टाकू नका.

दिवा आहे, पंखा आहे, स्क्रीन काळी: आधी रॅम

इथे सगळ्यांत जास्त लॅपटॉप विनाकारण भंगारात निघतात, म्हणून जरा सावकाश.

आधी मशीन काय सांगतंय ते बघा. डेलच्या मागच्या काही वर्षांतल्या बऱ्याच मॉडेलमध्ये बॅटरीचा दिवा आधी पिवळा आणि मग पांढरा ठरावीक वेळा लुकलुकतो: २ पिवळे ३ पांढरे म्हणजे रॅम सापडत नाही, २ आणि ४ म्हणजे रॅम सदोष, ३ आणि १ म्हणजे बायोसचा सेल उतरलाय, २ आणि ७ म्हणजे स्क्रीन. एचपीच्या जुन्या मॉडेलमध्ये कॅप्स लॉकचा दिवा मोजायचा: ३ वेळा म्हणजे रॅम, २ वेळा म्हणजे बायोस बिघडलंय. फोनवर व्हिडिओ काढून शांतपणे मोजा, पहिल्याच नजरेत मोजणी चुकते.

मग बॅटरी सोडवून रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढा. बाजूच्या दोन क्लिपा बाहेरच्या दिशेने ढकलल्या की पट्टी स्वतःच तिरकी उभी राहते. सोनेरी पट्ट्यांवर पांढरा खोडरबर एकाच दिशेने हलका फिरवा, कीस ब्रशने झाडा, आयपीएने पुसा आणि पाच मिनिटं वाळू द्या. स्लॉटमध्ये खोडरबर घालू नका, तिथे आयपीएत भिजवलेला ब्रश फिरवा. मग एकच पट्टी पहिल्या स्लॉटमध्ये लावून चालू करा. नाही झाला तर तीच दुसऱ्या स्लॉटमध्ये, मग दुसरी पट्टी दोन्ही स्लॉटमध्ये. चार जुळण्या करून झाल्या की पट्टी खराब की स्लॉट, हे पक्कं कळतं. पट्टी तिरकी आत ढकलताना सोनेरी कड जवळजवळ दिसेनाशी झाली पाहिजे, मगच खाली दाबा. अर्धवट बसलेली रॅम हे ‘साफ केली तरी झालं नाही’चं नेहमीचं कारण.

रॅम बदलल्यानंतर पहिल्यांदा स्क्रीन यायला मिनिट-दोन मिनिटं लागू शकतात. घाईने बटण दाबून बंद करू नका.

नवी रॅम घेताना एक गोष्ट विचारून घ्या. डीडीआर-३ आणि डीडीआर-३एल दिसायला सारख्या, एकाच स्लॉटमध्ये बसतात. पण पहिली १.५ व्होल्टची आणि दुसरी १.३५ व्होल्टची. इंटेलच्या चौथ्या पिढीपासूनच्या लॅपटॉपला ३एलच लागते. साधी डीडीआर-३ घातली की मशीन काळ्या स्क्रीनवर उभं राहतं, आणि लोक समजतात नवी रॅमही खराब निघाली.

रॅमने काही झालं नाही तर टॉर्च घ्या. अंधारात स्क्रीनवर तिरका धरून बघा. पुसट चित्र दिसलं तर लॅपटॉप चालू आहे, फक्त बॅकलाइट गेलाय. टीव्हीला एचडीएमआय लावून चित्र येत असेल तर स्क्रीनची केबल बिजागरीपाशी तुटलेली असण्याची शक्यता जास्त. आणि फोनचं चुंबकाचं कव्हर लॅपटॉपच्या कडेला पडलेलं नाही ना, तेही बघा. झाकण बंद झालं असं समजून सेन्सर स्क्रीन बंद करतो.

चालू होतो, काही सेकंदांत किंवा मिनिटांत बंद

हवा बाहेर पडते त्या जाळीवर हात धरा. हवा येत नसेल किंवा कर्रर्र आवाज असेल तर पंखा आणि त्यापुढची तांब्या-अ‍ॅल्युमिनियमची जाळी चोंदलीय. कांद्याच्या चाळीजवळ, वीटभट्टीजवळ किंवा रस्त्याकडेच्या दुकानात वापरलेल्या लॅपटॉपमध्ये पंखा आणि जाळी यांच्यामध्ये धुळीचा नमदा बसतो. बाहेरून फुंकर मारून तो निघत नाही, पंखा काढून बोटाने सोलावा लागतो. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने हवा मारून घेऊ नका: त्यात पाणी आणि तेल येतं, आणि पंखा भरधाव फिरून बेअरिंग जातं. हीटसिंकचे (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाचे) स्क्रू त्यावरच्या आकड्यांच्या उलट क्रमाने थोडे-थोडे सोडा आणि सरळ क्रमाने आवळा. जुनी पेस्ट आयपीएने पुसून नवी पेस्ट मसुराच्या दाण्याएवढी चिपच्या मधोमध ठेवा. ती जास्त घातल्याने काही फायदा नाही.

बंद होणं अगदी दोन-तीन सेकंदांत आणि दर वेळी सारख्याच वेळाने होत असेल, तर उष्णतेपेक्षा बोर्डावरच्या एखाद्या व्होल्टेज लाइनचा दोष धरा.

दुरुस्त होतो आणि पुन्हा तेच

दर वेळी ३० सेकंद बटण दाबल्यावर चालू होतो आणि चार दिवसांनी पुन्हा अडकतो, तर तीन संशयित आहेत. पहिला, बॅटरी. आठवडाभर ती न लावता वापरा. तक्रार थांबली तर बॅटरीतला सर्किट बोर्ड किंवा एखादा सेल खराब. दुसरा, विंडोजचं फास्ट स्टार्टअप. ते चालू असेल तर शटडाऊन केल्यावर विंडोजचा गाभा झोपवून ठेवला जातो, आणि जुन्या ड्रायव्हरमुळे जागा होताना अडकतो. दिवा लागतो पण स्क्रीन काळी, हे त्याचं लक्षण. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन बंद करा.

तिसरा बायोसचा सेल, आणि याच्यामुळे नाहक विंडोज पुन्हा पुन्हा टाकली जाते. बहुतेक लॅपटॉपमध्ये ३ व्होल्टचा सीआर-२०३२ असतो, कधी उघडा, कधी काळ्या नळीत गुंडाळून दोन तारांच्या कनेक्टरसह. मीटरवर २.७ च्या खाली आला तर बदला. तो उतरला की तारीख मागे जाते, आणि त्याहून वाईट म्हणजे काही मॉडेलमध्ये बायोसची सेटिंग्ज मूळपदावर जातात. विंडोज एएचसीआय या साटा मोडमध्ये (डिस्कशी बोलायच्या पद्धतीत) टाकलेली असते, बायोस डिस्कला रेड (RAID) या दुसऱ्या मोडमध्ये ढकलतं, आणि निळी स्क्रीन ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणत उभी राहते. कधी बूट मोड, म्हणजे मशीन सुरू होण्याची पद्धत, नव्या यूईएफआयवरून जुन्या लेगसीवर जाते आणि ‘नो बूटेबल डिव्हाइस’ दिसतं. फॉरमॅट करून चालतं, कारण नवी विंडोज नव्या मोडमध्ये बसते. मग कुणीतरी मोड बदलतं, सेल पुन्हा दगा देतो आणि चक्र सुरू. फॉरमॅट करण्याआधी सेल बदला, बायोसमध्ये तारीख, साटा मोड आणि बूट मोड पूर्वीसारखे करा. ड्राइव्हला बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधी हाताशी ठेवा.

कधी दहाव्या दाबाला चालू होतो, कधी गरम झाल्यावरच, असं असेल आणि लॅपटॉपला स्वतंत्र ग्राफिक्स चिप असेल, तर चिपखालचे सांधे किंवा चिप स्वतःच थकलीय. हीट गनने भाजून ‘चालू करून देतो’ म्हणणाऱ्यांना पैसे देऊ नका. असं मशीन काही आठवडे किंवा महिने चालतं आणि पुन्हा त्याच जागी येतं.

बोर्डापर्यंत पोहोचलात तर

पावसाळाभर कपाटात पडून राहिलेला लॅपटॉप, विशेषतः इगतपुरी-त्र्यंबककडचा, उघडला की कनेक्टरांवर हिरवा किंवा पांढरा थर दिसतो. द्राक्षबागेच्या घरात आणखी एक भर: भुरी या बुरशीच्या रोगासाठी गंधक धुरळलं जातं आणि गंधकाने तांबं-चांदी काळी पडते. हिरवं-पांढरं आयपीए आणि ब्रशने निघतं. काळं पडलेलं निघेलच असं नाही, तो भाग बदलावा लागतो.

अ‍ॅडॉप्टरचा दिवा विझत होता त्या बोर्डावर, सगळी वीज आणि बॅटरी काढून, मीटर ओहमवर ठेवा आणि जॅकची प्लस बाजू व ग्राउंड यांच्यात मोजा. १ ओहमच्या आसपास आलं तर शॉर्ट नक्की, आणि बहुतेक वेळा तो एखाद्या सिरॅमिक कपॅसिटरचा असतो. कारागीर त्या लाइनवर १ व्होल्ट, २-३ अँपिअर मर्यादेने बेंच सप्लायमधून (दाब आणि करंट ठरवून देता येणाऱ्या वीजपुरवठ्याच्या पेटीतून) देतात आणि बोर्डावर आयपीए पसरतात. सगळीकडे ओलं असताना एकाच ठिकाणी ते झरकन उडून जातं आणि बोर्ड तिथे कोरडा दिसतो. तोच शॉर्ट झालेला भाग. प्रोसेसरच्या कोअर लाइनवर हे करायचं नाही, तिथला रोध मुळातच फार कमी असतो आणि चांगली लाइनही शॉर्टसारखी दिसते.

दुकानात देताना नुसतं ‘चालू होत नाही’ सांगू नका. अ‍ॅडॉप्टरचा मोजलेला दाब, दिवा विझतो की नाही, लुकलुकण्याची मोजणी, कोणती रॅम कोणत्या स्लॉटमध्ये लावून पाहिली, हे कागदावर लिहून द्या. डिस्क आधीच काढून घरी ठेवा, बोर्ड तपासायला ती लागत नाही. बोर्ड बदलायचा ठरला तर जुना बोर्ड परत मागा, आणि बिलावर नव्या बोर्डाचा पार्ट नंबर लिहून घ्या.